गिटारवादकासाठी घरगुती ध्वनिमुद्रणाचे परवडणारे सॉफ्टवेअर : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : घरच्या घरी गिटारवादन ध्वनिमुद्रित करू इच्छिणाऱ्या वादकासमोर आज विनामूल्य व अल्पमोली सॉफ्टवेअरचे अनेक पर्याय आहेत. निवड करताना बहुधा किंमतच प्रथम पाहिली जाते. तार छेडल्यापासून आवाज कानी येईपर्यंतचा विलंब, वापराच्या परवान्याचे स्वरूप आणि सॉफ्टवेअर उद्या बंद पडल्यास हाती काय उरते, या तीन बाबी किमतीहून अधिक निर्णायक आहेत, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : घरगुती ध्वनिमुद्रण, गिटार, विलंब, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, परवाना.

प्रास्ताविक

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतरच्या काळात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांच्या शेतजमिनींवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. पुढे हा विस्तार चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या गावांपर्यंत पोहोचला. या घडामोडींचे आर्थिक अंगाने पुष्कळ विवेचन झाले आहे. या पट्ट्यात राहणारा तरुण कारखान्याबाहेरच्या किंवा वर्गाबाहेरच्या वेळात काय करतो, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत पेटी-तबल्याच्या शेजारी गिटार दिसू लागली त्याला आता बराच काळ लोटला. फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तयारी करणारे विद्यार्थी पार्श्वसंगीताचे तुकडे स्वतःच वाजवून मुद्रित करतात. त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण संपते, नोकरी लागते, आणि दुसरी पाळी संपवून रात्री खोलीवर परतल्यावर जो तासभर वेळ मिळतो त्यात गिटार हाती घेतली जाते.

अशा वादकाला स्टुडिओचे तासावर आकारले जाणारे भाडे परवडत नाही आणि पाळीच्या वेळा स्टुडिओच्या वेळांशी जुळत नाहीत. म्हणून तो संगणकाकडे वळतो. ‘सर, कोणते सॉफ्टवेअर टाकू?’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना विद्यार्थ्यांनी विचारला असेल. त्याचे उत्तर देताना एखादे नाव सांगून मोकळे होण्याचा मोह होतो. त्या प्रश्नाची उकल मुळापासून करण्याचा हा प्रयत्न आहे.

विलंबाचा प्रश्न

संगणक ध्वनी अखंड प्रवाहासारखा हाताळत नाही. सर्वसाधारण मुद्रणात तो सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो, त्या नमुन्यांचे लहान लहान गठ्ठे बांधतो आणि एकेक गठ्ठा प्रक्रियेसाठी पुढे पाठवतो. या गठ्ठ्यास बफर म्हणतात. २५६ नमुन्यांचा गठ्ठा भरण्यास २५६ भागिले ४४,१००, म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. ध्वनी आत येताना एक आणि बाहेर जाताना एक असे दोन गठ्ठे धरले, तर ११.६ मिलिसेकंदांचा विलंब होतो. ध्वनीचे अंकांत व अंकांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करण्यास लागणारा थोडा वेळ त्यात मिळवावा लागतो. गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा असेल तर हाच विलंब ४६ मिलिसेकंदांवर जातो.

हे आकडे कानाच्या अनुभवात उतरवून पाहणे उपयुक्त ठरेल. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणजे १० मिलिसेकंदांत ध्वनी जवळपास साडेतीन मीटर अंतर कापतो. आपल्यापासून तीन-साडेतीन मीटरवर ठेवलेल्या अँप्लिफायरचा आवाज ऐकत वाजवणे गिटारवादकाच्या अंगवळणी पडलेले असते. तेवढ्या विलंबाने त्याचे काही अडत नाही. ४६ मिलिसेकंद म्हणजे मात्र सुमारे १६ मीटर. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहाच्या रंगमंचावर उभे राहून आपल्याच गिटारचा आवाज बऱ्याच मागच्या रांगेतल्या स्पीकरमधून ऐकत वाजवावे, तशी ही स्थिती होते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. त्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक काळ आवाज मागे पडू लागला की हात अडखळतो. वादकास वाटते, आपलीच लय बिघडली.

मग गठ्ठा लहानच का ठेवू नये, असा प्रश्न सहज उद्भवतो. गठ्ठा जितका लहान, तितक्या घाईने संगणकाला तो हातावेगळा करावा लागतो. जुना प्रोसेसर मागे पडला की मुद्रणात तडतड ऐकू येते. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर हलके सॉफ्टवेअर निवडणे ही काटकसर नसून विलंब आटोक्यात ठेवण्याचाच एक मार्ग होय.

विंडोज प्रणालीत नेहमीच्या मार्गाने जाणारा ध्वनी अनेक थरांतून जातो व त्यात वेळ मोडतो. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ ही पद्धत प्रचारात आणली. तीमुळे सॉफ्टवेअर ध्वनियंत्रणेशी थेट बोलू शकते. ॲपलच्या मॅक संगणकांत अशी सोय मुळातच असते, तर लिनक्समध्ये ती जॅक या व्यवस्थेद्वारे मिळते. विंडोज वापरणाऱ्या गिटारवादकाने म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे सॉफ्टवेअर एएसआयओ चालवते काय?

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे गिटार व संगणक यांना जोडणाऱ्या छोट्या पेटीवर, वादनाचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय असते. अकौस्टिक गिटार वाजवणाऱ्यास एवढे पुरते. त्याच्यापुरता विलंबाचा प्रश्न तेथेच मिटतो. इलेक्ट्रिक गिटारवादकाचे तसे नाही. त्याला हवा असलेला घोगरा, ताणलेला स्वर तारेत नसतो, अँप्लिफायरमध्ये घडतो. अँप्लिफायरचे काम सॉफ्टवेअर करणार असेल, तर ध्वनीला संगणकात जाऊन परत यावेच लागते. एकाच वाद्याच्या दोन प्रकारांना दोन वेगळी सॉफ्टवेअर सोयीची पडतात, याचे कारण हे आहे.

गिटार, वीज आणि भोवतालचा गोंगाट

सॉफ्टवेअरवर चर्चा करताना वायरिंगकडे वळणे विषयांतर वाटेल. परंतु सॉफ्टवेअरच्या माथी मारले जाणारे निम्मे दोष खरे तर भिंतीतल्या सॉकेटचे असतात. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तारेचे वेटोळे. ते तारेचे कंपन जसे टिपते, तसेच भोवतालच्या वीजवाहिन्यांचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्झच्या आसपास असल्याने ५० व १०० हर्ट्झची गुणगुण अगदी त्याच्या दोन्ही अंगांना येऊन बसते व गाळून काढताना स्वरालाही ओरखडा पडतो. खोलीत पंख्याचा रेग्युलेटर वा स्वस्त एलईडी दिव्याचा ड्रायव्हर असल्यास त्यात करकर मिसळते. वादकाने खुर्ची फिरवून बसण्याची दिशा बदलली तर गुणगुण लक्षणीय कमी होते. हा उपाय फुकट आहे आणि कोणत्याही प्लग-इनपेक्षा आधी करून पाहावा.

दुसरी बाब अर्थिंगची. भाड्याच्या खोल्यांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तार असेलच याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी लॅपटॉप चार्जरवर असताना तारांना बोट लागले की झिणझिण्या जाणवतात आणि बोट उचलले की मुद्रणातली गुणगुण बदलते. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केले की हा दोष पुष्कळदा नाहीसा होतो. घरगुती इन्व्हर्टर चौरस तरंगाचा असेल तर वीज गेल्यानंतरचे मुद्रण टाळलेलेच बरे.

लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात गिटारची केबल खोचणे हाही सार्वत्रिक प्रकार आहे. पिकअपचा संकेत क्षीण असतो व त्याला सुमारे दहा लाख ओहम इतका उच्च अवरोध असलेले प्रवेशद्वार लागते. माइकच्या छिद्राचा अवरोध त्यामानाने फारच कमी असल्याने वरचे स्वर दबतात आणि गिटार घोंगडीखाली ठेवल्यासारखी वाजते. साधा इंटरफेस एखाद्या बेताच्या गिटारच्या किमतीत मिळतो. खर्चास थोडेच पैसे हाती असतील तर ते सॉफ्टवेअरवर न घालता येथे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोवतालच्या आवाजाचे काय? प्रेसच्या दणक्यांचा खर्जातला आवाज भिंतीतून आरपार येतो आणि पुणे-नाशिक महामार्गावरील हॉर्नला रात्र-दिवस माहीत नसतो. सॉफ्टवेअरमधील गोंगाट-निवारण पंख्याच्या घरघरीसारख्या एकसुरी आवाजावर चालते. हॉर्नपुढे ते हतबल ठरते. केबलने थेट मुद्रित होणाऱ्या गिटारला हवेतल्या गोंगाटाची बाधा होत नाही, म्हणून या पट्ट्यातील अकौस्टिक वादकानेही शक्य तर पिकअप बसवलेली गिटार घ्यावी. माइकच लावायचा असेल तर भोसरी-पिंपरी परिसरात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी साधावी. अर्थात महावितरणची देखभालीची कामेही बहुधा गुरुवारीच निघतात, तेव्हा बॅटरी आदल्या रात्री पूर्ण भरून ठेवणे आले.

उपलब्ध पर्याय

ऑडॅसिटी हे सर्वाधिक परिचित नाव होय. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी त्यावर काम सुरू केले आणि २००० साली ते प्रसिद्ध झाले. ते मुक्तस्रोत आहे, कमी क्षमतेच्या संगणकावर चालते, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्यावरील पाठ उपलब्ध आहेत, ही शिक्षकांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. मात्र परवान्याच्या अडचणीमुळे त्याच्या तयार प्रतींत दीर्घकाळ एएसआयओ नव्हता. २०२२ मधील ३.२ आवृत्तीपासून मुद्रित ध्वनीवर वाजत असतानाच परिणाम लावता येऊ लागले. तरी त्या तिसऱ्या मालिकेत वाजवता वाजवता अँप्लिफायरचा आवाज ऐकण्याची सोय झाली नाही. सबब अकौस्टिक गिटारचे एक-दोन ट्रॅक, गायनाची साथ, किंवा नाटकाच्या पार्श्वसंगीताचे कापणे-जोडणे यांसाठी ऑडॅसिटी उत्तम; इलेक्ट्रिक गिटारसाठी अपुरे.

रीपर हे त्या मानाने कमी ऐकले जाणारे नाव. विनअँप या एकेकाळी घरोघरी असलेल्या सॉफ्टवेअरचे कर्ते जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकॉस कंपनीने ते तयार केले असून त्याची १.० आवृत्ती २००६ साली आली. त्याचा आकार लहान आहे, जुन्या विंडोजवरही ते चालते, एएसआयओ चालवते आणि ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा घालत नाही. साठ दिवस ते पूर्ण क्षमतेने तपासून पाहता येते. त्यानंतर वैयक्तिक व शैक्षणिक वापरासाठी ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांहून थोड्या अधिक रकमेचा, सवलतीचा परवाना आहे. साठ दिवस उलटले तरी ते बंद पडत नाही, केवळ आठवण करून देते. या सौजन्याचा गैरफायदा किती जण घेतात हे सांगणे नको. त्याची मांडणी प्रथमदर्शनी रुक्ष व गुंतागुंतीची वाटते, आणि नवख्याचे पहिले आठ दिवस शोधाशोधीतच जातात, ही त्याची खरी किंमत.

रीपरच्या बाजूने आणखी एक कारण आहे, ते स्थानिक स्वरूपाचे. या पट्ट्याच्या एका बाजूला देहू व दुसऱ्या बाजूला आळंदी असल्याने येथील गिटारवादक अभंगाला साथ करतोच करतो. बहुतेक सॉफ्टवेअर नवे काम उघडताना मिनिटाला १२० मात्रा व चार मात्रांचे खंड गृहीत धरतात. आठ मात्रांचा भजनी ठेका त्या चौकटीत बसतो, पण गजराकडे जाताना चढत जाणारी लय बसत नाही. मेट्रोनोमच्या ठोक्याला बांधून अभंग वाजवला की तो अचूक होतो आणि निर्जीवही होतो. पखवाजाचा ट्रॅक आधी मुक्तपणे मुद्रित करून मागाहून त्याच्या आघातांवर मात्रांची आखणी बसवणे रीपरमध्ये शक्य आहे. विद्यार्थ्यांना हे दाखवले की त्यांना त्याची रुक्ष मांडणी एकदम सुसह्य वाटू लागते, असा अनुभव आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेले आर्डर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. उबुंटू स्टुडिओसारख्या वितरणात ते विनामूल्य मिळते. विंडोज व मॅकवरील तयार प्रतीसाठी अल्प रक्कम मागितली जाते. इंटरफेसची लिनक्सशी जुळणी होते की नाही हे खरेदीपूर्वी तपासावे. ज्याच्याकडे मॅक आहे त्याला ॲपलचे २००४ पासूनचे गॅरेजबँड विनामूल्य मिळतेच व त्यातले अँप्लिफायर चांगले आहेत. पण त्यासाठी मॅक घेणे हा परवडणारा मार्ग नव्हे. इंटरफेसबरोबर पुष्कळदा ॲबलटन लाइव्ह लाइटसारखी मर्यादित आवृत्ती येते. खोके उघडल्यावर त्यातील क्रमांक फेकून देऊ नये.

अँप्लिफायरच्या स्वरासाठी वेगळा खर्च करण्याचीही आता गरज उरलेली नाही. स्टीव्हन अॅटकिन्सन यांचे न्यूरल अँप मॉडेलर हे मुक्तस्रोत प्लग-इन प्रत्यक्ष अँप्लिफायरच्या वर्तनाचे अनुकरण चेताजालाच्या साहाय्याने करते. ते प्रोसेसरवर बराच ताण टाकते एवढेच; जुन्या लॅपटॉपवर त्याची हलकी प्रतिमाने वापरावीत.

विनामूल्य म्हणजे काय?

येथे केकवॉकची कथा सांगण्याजोगी आहे. सोनार हे या कंपनीचे सॉफ्टवेअर अनेक वर्षे विंडोजवरील नावाजलेले व महागडे साधन होते. गिटारनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या गिब्सनने २०१३ मध्ये केकवॉक कंपनी घेतली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिचे काम थांबवले. पैसे मोजलेले ग्राहक अधांतरी राहिले. २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन विनामूल्य केले. जगभरच्या वादकांनी ते स्वीकारले. २०२३ मध्ये त्याची जागा सोनारची नवी, सशुल्क आवृत्ती घेईल असे जाहीर झाले, आणि २०२५ मध्ये सोनारचीच विनामूल्य श्रेणी पुन्हा खुली झाली. आठ वर्षांत एकच साधन महाग, मृत, फुकट, सशुल्क आणि पुन्हा फुकट अशा अवस्थांतून गेले. साधन उत्तम आहे, आजही वापरावे. परंतु त्याच्या मालकाचा विचार उद्या बदलू शकतो हे गृहीत धरून वापरावे.

मुक्तस्रोत परवाना आणि ‘फुकट मिळणे’ यांतील अंतर येथे स्पष्ट होते. ऑडॅसिटी २०२१ मध्ये म्युझ ग्रुपच्या हाती गेले तेव्हा वापरकर्त्यांत खळबळ उडाली, तथापि जीपीएल परवान्याखाली प्रसिद्ध झालेली त्याची संहिता कोणालाही परत घेता येत नाही.

तिसरा प्रकार चोरीच्या प्रतींचा. याविषयी महाविद्यालयांत मौन पाळले जाते. पेन ड्राइव्हवरून फिरणारी महागड्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली प्रत हे कित्येक विद्यार्थ्यांचे पहिले ध्वनिमुद्रण-साधन असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-ब नुसार संगणक आज्ञावलीची अशी प्रत जाणीवपूर्वक वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी नसल्यास न्यायालय कारावास न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी अशा प्रतींबरोबर येणारे व्हायरस आणि नेमक्या स्पर्धेच्या आदल्या रात्री न उघडणारे काम हा अनुभव पुरेसा बोलका आहे. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर अशी प्रत टाकणाऱ्या नोकरदार तरुणाची तर नोकरीच पणाला लागते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत

संगणक प्रयोगशाळेत ऑडॅसिटी सर्व यंत्रांवर आणि रीपरचे शैक्षणिक परवाने दोन-तीन यंत्रांवर, अशी विभागणी बहुतेक महाविद्यालयांच्या खर्चात बसेल. सोबत एक इंटरफेस, एक हेडफोन व दोन चांगल्या केबल. केबल दोन हव्यात, कारण एक नेहमीच ऐनवेळी तुटते.

मात्र विद्यार्थ्याकडून काम स्वीकारताना केवळ त्या सॉफ्टवेअरची फाइल घेऊ नये. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या स्वतंत्र डब्ल्यूएव्ही फाइलच्या रूपात मागावा. २४ बिटच्या एका ट्रॅकला मिनिटास सुमारे ८ मेगाबाइट जागा लागते. पाच मिनिटांच्या रचनेचे आठ ट्रॅक सुमारे ३२० मेगाबाइटमध्ये मावतात. अशा फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की रचना जशीच्या तशी उभी राहते. अँप्लिफायरचा परिणाम लावलेला ट्रॅक व गिटारचा मूळ कोरा ट्रॅक असे दोन्ही घ्यावेत, कारण आजचे प्लग-इन पाच वर्षांनी उघडेलच असे नाही आणि कोऱ्या ट्रॅकवर तेव्हाचा नवा अँप्लिफायर लावता येतो. फाइलच्या नावात रचनेचे नाव, पट्टी, लय आणि मुद्रणाची तारीख लिहावी. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरेच फायनल’ अशा नावांच्या फाइल परत करण्याचा अधिकार शिक्षकाने राखून ठेवावा.